घरच्या कुत्र्या-मांजराला दयामरण : दवाखान्यात जाण्याआधी काय माहीत असावं

बेळगाव-निपाणी भागात हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. मराठीत दयामरण आणि कन्नडातही दयामरण. शब्द सगळ्यांना कळतो, पण दवाखान्यात नेमकं काय घडतं याची माहिती दोन्हीकडे कमीच. बारा-पंधरा वर्षं दारात राखण केलेलं कुत्रं उठेनासं होतं, मांजर चार दिवस दुधाला तोंड लावत नाही, डॉक्टर हळूच म्हणतात, "आता सोडवलेलं बरं." मग घरात तीन मतं होतात. आजी म्हणते, देवाच्या हातात आहे. मुलगा म्हणतो, हाल बघवत नाहीत. तिसरा म्हणतो, कोल्हापूरला नेऊन अजून एकदा दाखवू. या ओढाताणीत शेवटचा दिवस कसा जाणार याचा विचार राहूनच जातो, आणि भोगायचा असतो तो मुक्या जनावराला.

जनावराला न घाबरवता, दुखू न देता, ओळखीच्या माणसांत जाऊ देणं शक्य आहे. त्यासाठी फार खर्चिक यंत्रसामग्री लागत नाही. आधी ठरवलेलं असावं लागतं आणि डॉक्टरांना दोन-तीन प्रश्न न लाजता विचारावे लागतात.

सुई देतात म्हणजे काय करतात

लोकांच्या बोलण्यात 'एक सुई दिली आणि संपलं' असं असतं. नीट केलेल्या दयामरणात सहसा एक नाही, दोन टप्पे असतात.

पहिली सुई गुंगीची. ती मांडीच्या स्नायूत किंवा कातडीखाली देतात. झायलाझिन, केटामाइन, ब्युटॉर्फेनॉल अशी औषधं एकेकटी किंवा मिसळून वापरली जातात. टोचताना क्षणभर चुरचुरतं, नंतर पाच ते पंधरा मिनिटांत जनावर सुस्तावतं, मान टाकतं आणि आजूबाजूचं भान सुटतं. झायलाझिनने काही कुत्र्यांना आणि बऱ्याच मांजरांना उलटी होते. ते आधी माहीत असलं म्हणजे घरची माणसं घाबरत नाहीत.

दुसरा टप्पा शिरेतला. पुढच्या पायावरचे थोडे केस काढून सलाईनसाठी लावतात तशी बारीक नळी शिरेत बसवतात आणि तीतून भुलीचं औषध मोठ्या मात्रेत देतात. परदेशात यासाठी पेंटोबार्बिटल वापरतात. आपल्याकडे ते नियंत्रित औषध आहे आणि प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, त्यामुळे थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल वापरतात. मेंदू आधी पूर्ण बधिर होतो, मग श्वास थांबतो, मग हृदय. औषध शिरेत गेल्यापासून बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत सगळं संपतं. त्यानंतर डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून काही वेळ ऐकतात, डोळ्याच्या बाहुलीला हलकासा स्पर्श करून बघतात आणि मगच गेल्याचं सांगतात. ही खात्री करून घेण्याची घाई डॉक्टरांनी करू नये, घरच्यांनी करायला लावू नये.

म्हाताऱ्या आणि पाणी कमी झालेल्या जनावराची शीर सापडायला त्रास होतो. दोन-तीनदा टोचावं लागतं. किडनी गेलेल्या मांजरात तर शीर दिसतच नाही. अशा वेळी डॉक्टर आधी गुंगी गाढ करतात आणि औषध दुसऱ्या मार्गाने देतात, पण त्याला वेळ जास्त लागतो. आपल्या भागात मुधोळ जातीची कुत्री बरीच आहेत. त्यांच्या शिरा कातडीखाली ठळक दिसतात, त्यामुळे सुईचं काम सोपं होतं. पण अंगावर चरबी नसलेल्या या शिकारी जातींना भुलीची काही औषधं लवकर आणि जास्त चढतात, म्हणून कुत्रं मुधोळ आहे, पश्मी आहे की साधं गावठी आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं.

हा एक प्रश्न विचाराच

"डॉक्टर, आधी भूल देणार ना?" एवढाच तो प्रश्न.

कारण असं. काही ठिकाणी पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम सल्फेट वापरून हृदय थांबवलं जातं. ही औषधं स्वस्त आणि सहज मिळणारी. जनावर पूर्ण भुलीखाली असेल तर शेवटचा टप्पा म्हणून ती चालतात, त्याला काही कळत नाही. पण शुद्धीत असलेल्या जनावराला नुसती तीच दिली तर त्याला भयंकर यातना होतात. मॅग्नेशियमने अंग लुळं पडतं, त्यामुळे बाहेरून जनावर शांत दिसतं, आत मात्र ते जागं असतं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शुद्धीतल्या जनावराला ही औषधं एकटी देणं अमान्य ठरवलेलं आहे. स्ट्रिकनीनची सुई थेट हृदयात देऊन मारणं तर भारताच्या कायद्यातच नाव घेऊन गुन्हा ठरवलं आहे.

हा प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगले डॉक्टर स्वतःहून समजावून सांगतात. उत्तर टाळलं गेलं, "ते आमच्यावर सोडा" एवढंच ऐकू आलं, तर दुसरीकडे चौकशी करायला हरकत नाही. त्या दिवशी नाही, आधीच. म्हणून तर आधी विचारायचं.

कन्नडात कसं सांगायचं

बेळगाव शहर, निपाणी, खानापूर भागातल्या बहुतेक डॉक्टरांना मराठी समजतं. तरी सरकारी पशु आस्पत्रेत बदलून आलेले डॉक्टर दूरच्या जिल्ह्यातले असू शकतात, आणि रडवेल्या माणसाला अशा वेळी मोडकं इंग्रजीही सुचत नाही. चार वाक्यं लिहून ठेवलेली बरी.

"मोदलु अरिवळिके कोडी" म्हणजे आधी भूल द्या. "नायिगे नोवु आगबारदु" म्हणजे कुत्र्याला दुखता कामा नये. मांजर असेल तर नायिगेच्या जागी "बेक्किगे" म्हणायचं. "नावु हत्तिर इरबहुदा?" म्हणजे आम्ही जवळ थांबलो तर चालेल का?

संमतीचा कागद, म्हणजे 'ओप्पिगे पत्र', कन्नडात किंवा इंग्रजीत असतो. सही करण्याआधी तो वाचून दाखवायला सांगावं. सहीला कन्नडातही सहीच म्हणतात, त्यामुळे कुठे सही करायची ते चटकन कळतं. कशावर करतोय ते कळून घेणं महत्त्वाचं. कागदात साधारणपणे तीन गोष्टी असतात: जनावर तुमचंच आहे, त्याने गेल्या 10 दिवसांत कुणाला चावलेलं नाही, आणि दयामरणाला तुमची संमती आहे. मधली ओळ लोक न वाचता सोडून देतात.

चावलं असेल तर आधी सांगा

ती ओळ रेबीजसाठी असते. कुत्र्याने किंवा मांजराने कुणाला चावलं असेल, ओरखडलं असेल, तर त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवतात. त्या मुदतीत ते ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं मानतात. आधीच सुई देऊन मोकळं झालं तर ही खात्री करण्याची सोय जाते.

कुत्रं अचानक पिसाळल्यासारखं वागत असेल, आवाज बदलला असेल, जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल तर त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेऊ नये. आधी फोन करावा. अशा जनावराचा निर्णय डॉक्टरच घेतात, आणि ते गेल्यावर मेंदूचा नमुना तपासणीसाठी पाठवता येतो. कर्नाटकात बेंगळूरच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे. चावा झालेल्या माणसाने मात्र कुठल्याही निकालाची वाट बघायची नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची.

वेळ झाली हे कसं ओळखायचं

सगळ्यात अवघड भाग हाच. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजमाप तयार केलं, ते आता जगभर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर सांभाळ चालू ठेवण्यासारखी स्थिती आहे असं समजतात. आकडा काही देववाणी नाही. पण घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर गुण मांडून मग एकत्र बघितले की वाद बराच निवळतो. ज्याने कुत्र्याला रोज फिरवलं त्याचा कागद आणि जो सुट्टीला पुण्याहून येतो त्याचा कागद सारखा नसतो.

याहून साधी रीत म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. चांगल्या दिवसावर टिकली, वाईट दिवसावर फुली. कालनिर्णयच्या पानावर फुल्या जास्त दिसायला लागल्या की डॉक्टरांशी बोलायला जावं. 'अजून शेपटी हलवतं' म्हणून थांबणारे बरेच असतात. कुत्रं मरायला टेकलं तरी मालकाला बघून शेपटी हलवतं, तो त्याचा स्वभाव. त्यावरून दुखणं मोजता येत नाही. मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. ते कोपऱ्यात, कॉटखाली जाऊन बसायला लागलं, अंग चाटणं सोडलं, केस चिकट झाले, तर ते 'शांत झालंय' असं समजू नये.

दुसरी बाजूही आहे. काही आजार बघवत नाहीत, पण बरे होतात. जखमेत अळ्या पडल्या की वास आणि दृश्य असं असतं की लोक थेट दयामरणाचंच विचारतात. साफसफाई आणि औषधाने बहुतेक जनावरं उठतात. गोचिडतापाने कुत्रं पांढरं फटक पडतं, तेही वेळेत औषध मिळालं तर सावरतं. मादीच्या किंवा नराच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ येते, रक्त ठिबकतं, घरातले म्हणतात कॅन्सर झाला. तो गाठीचाच प्रकार असतो खरा, पण व्हिंक्रिस्टिनच्या काही सुयांनी बहुतेकदा पूर्ण जातो. तीन पायांची कुत्री सुखाने जगतात, आंधळी कुत्री घराचा नकाशा पाठ करतात. म्हणून निर्णयाआधी रोगाचं नाव विचारावं, आणि शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. निपाणीकरांना कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर, बेळगाव 75. चंदगड-गडहिंग्लजकडच्यांना बेळगाव सोयीचं. जनावर प्रवास झेपण्याच्या स्थितीत नसेल तर रिपोर्ट, एक्स-रे आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेऊन माणसानेच जावं, जनावराला हेलपाटा देऊ नये.

निर्णय होईपर्यंत वेदना चालू ठेवायची नसते, पण घरातल्या डब्यातली माणसांची गोळीही द्यायची नसते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी बसते. वेदनेचं औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं.

दवाखान्यात की घरी

घरी येणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. आपलं अंथरूण, आपला वास, शेजारी आपली माणसं. बेळगावात खाजगी डॉक्टर ओळखीवर घरी येतात, खेड्यात सरकारी डॉक्टरांच्या फेरीची वेळ बघून विनंती करावी लागते. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक दोन्ही राज्यांत आहे, मात्र ती गाडी मुख्यतः गाई-म्हशींच्या तातडीच्या उपचारासाठी असते. फोनवर राज्य, तालुका आणि गाव स्पष्ट सांगावं. सीमेवर एकाच नावाची गावं दोन्हीकडे असतात.

दवाखान्यातच जायचं असेल तर सकाळची पहिली किंवा संध्याकाळची शेवटची वेळ मागून घ्यावी. बाकड्यावर तासभर इतर कुत्र्यांच्या भुंकण्यात थांबणं हेच आजारी जनावराला सगळ्यात जास्त घाबरवतं. सरकारी दवाखान्यात आधी फोन केल्याशिवाय जाऊ नये. लाळ-खुरकतीच्या लसीकरणाचे दिवस असतील तर डॉक्टर गावोगाव फिरत असतात आणि दवाखान्यात फक्त शिपाई भेटतो.

पैसे आधी देऊन टाकावेत, कागदावर सही आधी करावी. नंतर डोळे पुसत खिसे चाचपणं नको. खर्च वजनावर आणि औषधावर अवलंबून असतो, तो फोनवरच विचारावा.

मोठं कुत्रं गाडीतून उतरायला तयार नसेल तर पहिली सुई गाडीतच द्यायला सांगता येते. ओम्नीचं मागचं दार उघडून, खाली रोजची गोधडी घालून ते आरामात होतं. मांजराला पोत्यात किंवा पिशवीत कोंबून नेऊ नये. झाकणाची टोपली, आत घरातला टॉवेल, वरून एखादं कापड. फार घाबरट जनावरासाठी डॉक्टर आदल्या रात्री आणि निघण्याआधी द्यायची गोळी लिहून देऊ शकतात, ती मागून घ्यावी. निपाणीच्या मे महिन्यातल्या उन्हात दुपारी निघू नये. धाप लागणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला दोरी बांधू नये.

खायला द्यावं का? खात असेल तर आवडीचं थोडंसं द्यावं, डॉक्टरांना विचारून. पोटभर नको, गुंगीने उलटी होते. इतकी वर्षं साखर नको म्हणून तोडलेला कुंद्याचा एक घास त्या दिवशी दिला तर काही बिघडत नाही.

जवळ थांबावं का

थांबता येत असेल तर थांबावं. निदान गुंगी चढेपर्यंत तरी. अनोळखी टेबलावर, औषधाच्या वासात, जनावर ओळखीचा आवाज शोधत असतं. डोक्यावर हात ठेवावा, रोजच्या नावाने, रोजच्या आवाजात बोलावं. हंबरडा शक्यतो नंतर. मालकाचा सूर बदलला की कुत्र्याला लगेच कळतं. टेबल थंड असतो, त्यावर घरची गोधडी अंथरायला सांगावं. जमिनीवरच केलं तर आणखी चांगलं. ज्याला बघवणार नाही त्याने जबरदस्तीने थांबू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जावं. शेजाऱ्याबरोबर किंवा गड्याबरोबर पाठवून देऊ नये.

गेल्यानंतर काही गोष्टी होतात, त्या आधी कुणी सांगत नाही आणि मग लोक आयुष्यभर 'त्याला जीव होता' म्हणून झुरत बसतात. डोळे उघडेच राहतात. पायाचे, ओठाचे स्नायू थरथरतात. एखाद-दुसरा उसासा यावा तसा श्वास आल्यासारखा वाटतो. लघवी-शी होते. या सगळ्या मेंदू थांबल्यानंतरच्या शरीराच्या हालचाली आहेत, त्यात वेदना नसते. खाली एक जुनं कापड जादा ठेवावं.

कायदा काय म्हणतो

माणसांच्या दयामरणाचा कायदा वेगळा. अरुणा शानबाग प्रकरणात 2011 साली आणि पुढे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने जे ठरवलं ते उपचार थांबवण्यापुरतं आहे. तो गोंधळ प्राण्यांच्या बाबतीत आणू नये. प्राण्यांसाठी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा केंद्राचा आहे, म्हणजे कागलला जो तोच निपाणीला. असह्य यातना असलेल्या, बरं होण्यापलीकडच्या जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशी वेळ येते, हे या कायद्याच्या 13 व्या कलमात मान्य केलेलं आहे.

हे कलम महामार्गावर उपयोगी पडतं. पुणे-बेंगळूर रस्त्यावर गाडीने उडवलेलं, कंबर मोडलेलं बेवारस जनावर दिसलं तर हवालदाराच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलावू शकतो, आणि जगवणं क्रूर ठरेल असा त्यांचा दाखला मिळाल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने त्याला सोडवता येतं. दगड घालून 'सोडवणं' हा गुन्हाच. भटक्या कुत्र्यांसाठी 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत. त्यातही असाध्य आजारी आणि मरणासन्न जखमी कुत्र्यालाच, पात्र पशुवैद्यकाच्या हातून, दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही, अशा अटींवर दयामरणाची मुभा आहे.

दयामरण नोंदणीकृत पशुवैद्यकानेच द्यायचं. गावात सुया टोचणारे बरेच असतात, पशुधन पर्यवेक्षकही प्रथमोपचार करतात, पण हे काम त्यांचं नाही. पोळीत कीटकनाशक घालून देणारे, पोत्यात भरून तवंदी घाटात किंवा नदीपलीकडे सोडून यावं म्हणणारे सल्लागार प्रत्येक गावात मिळतात. विष घालून प्राणी मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमाखाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हाही 1960 च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

निरोगी जनावर, केवळ घर बदललं, नातू झाला, भाडेकरू कुरकुरतात म्हणून नेलं तर डॉक्टर नाही म्हणू शकतात, आणि त्यांनी तसंच म्हणावं. गाई-बैलांचे नियम दोन्ही राज्यांत स्वतंत्र आणि कडक आहेत. त्याबाबत तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशीच बोलावं.

पाप लागतं का

सीमाभागात हा प्रश्न दबक्या आवाजात हमखास येतो. जैन घरांत तर जास्तच, कारण कुठल्याही जीवाचा प्राण घेणं तिथे निषिद्ध. त्या घरांत दयामरणाला नकार असेल तर त्याचा मान ठेवून वेदनाशामक औषध, सलाईन, मऊ अंथरूण, कूस बदलणं, जखमा होऊ न देणं अशी शेवटपर्यंतची शुश्रूषा करता येते. मात्र मग ती खरोखर करावी लागते, रात्री उठून. औषधही नको आणि सुईही नको, ही भूमिका जनावराच्या पदरात नुसते हाल टाकते.

हा वाद नवा नाही. 1924 च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष महात्मा गांधी यांच्यावरच तो चार वर्षांनी उलटला होता. साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्याने तडफडत होतं, कूसही बदलता येत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली, विरोध ऐकून घेतला आणि स्वतः हजर राहून वासराला विषाची सुई द्यायला लावली. 1928 च्या ऑक्टोबरात 'यंग इंडिया'त त्यांनी त्याचं समर्थन केलं तेव्हा संतापाची पत्रं ढिगाने आली. गांधीजींचं म्हणणं थोडक्यात असं होतं की स्वार्थासाठी किंवा रागाने जीव घेणं ही हिंसा. ज्याच्या वेदनेवर इलाज उरलेला नाही त्याची केवळ त्याच्यासाठी सुटका करणं ही हिंसा नाही. ते सगळ्यांना पटलं नव्हतं, आजही पटणार नाही. पण स्वतःला प्रश्न विचारायला ती कसोटी बरी आहे: हे त्याच्यासाठी करतोय की आपल्या सुटकेसाठी?

नंतरचं

शेत असेल तर शेतात पुरावं. निदान चार फूट खोल. विहीर, बोअर, ओढा यांपासून लांब. पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या मळ्यांत दोन फुटांवर पाणी लागतं, तिथे उंचावरची जागा बघावी. खानापूरकडे जांभ्या दगडात खड्डा आधीच काढून ठेवावा लागतो. सुती कापडात गुंडाळावं, प्लास्टिकमध्ये नाही. मीठ घालायची रीत आहे, ती पाळायला हरकत नाही, पण खोलीला तो पर्याय नव्हे. वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवावेत. हे केवळ उकरू नये म्हणून नाही. भुलीचं औषध मृत शरीरात तसंच राहतं आणि ते खाणारी कुत्री, कोल्हे, घारी, गिधाडं मरू शकतात. म्हणूनच असं शरीर उघड्यावर, ओढ्यात किंवा कचराकुंडीत टाकू नये. शहरात जागा नसेल तर महापालिका किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे आदल्या दिवशीच चौकशी करून ठेवावी. रेबीजचा संशय असलेल्या जनावराला उघड्या हाताने शिवू नये.

चौथरा बांधावा, तुळस लावावी की काहीच करू नये, हे ज्याने त्याने ठरवावं. शेजारी हसतील म्हणून मन मारू नये. सातारजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याची समाधी बांधली, ती तिथे आजही आहे.

लहान मुलांना खरं सांगावं. 'त्याला झोपवलं' असं सांगितलं की पाच-सहा वर्षांची मुलं रात्री झोपायला घाबरतात, आणि 'शेतावर पाठवलं' म्हटलं की वर्षभर शेतावर चला म्हणून मागे लागतात. आजार बरा होणारा नव्हता, दुखत होतं, डॉक्टरांनी दुखणं थांबवलं आणि ते मेलं, आता परत येणार नाही, एवढं साध्या शब्दांत पुरतं. जाण्याआधी त्यांना निरोप घेऊ द्यावा.

घरात दुसरं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्याला मेलेल्या सोबत्याचा वास घेऊ द्यावा. काही जनावरं एकदा हुंगून निघून जातात, काही दार लागलं की दिवसभर शोधत फिरतात, दोन-चार दिवस कमी खातात. आठवडा उलटूनही खात नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. गेलेलं जनावर पार्वो, डिस्टेंपरसारख्या संसर्गाने गेलं असेल तर त्याची भांडी आणि अंथरूण दुसऱ्याला देऊ नयेत, नवीन पिल्लू लसी पूर्ण झाल्याशिवाय त्या अंगणात आणू नये. उरलेल्या वेदनेच्या आणि झोपेच्या गोळ्या घरात न ठेवता दवाखान्यात परत कराव्यात.